उमरावाच्या घरचा कारखाना

आमच्या वाड्याच्या माडीवर आजोबांच्या अवजारांची एक खोली आहे. गेलीं साठ वर्षें ती बंद असून तिची किल्ली माझ्याजवळ असते. धाकट्या भावानें वयाच्या बाराव्या वर्षीं तेथें एका घट्ट झांकणाच्या डब्यांत पाणी तापविलें. झांकण उडालें आणि आमच्या चुलतबहिणीचा हात कोंपरापर्यंत भाजला. वडिलांनीं त्याच संध्याकाळीं कुलूप लावून किल्ली माझ्या हवालीं केली. भावानें ती पुढें दोनदां मागितली; मी दिली नाहीं. वडील भावाचें कर्तव्य आपण बजावलें, अशीच माझी समजूत होती. तिला धक्का दिला तो एका आयरिश उमरावाच्या चरित्रानें.

विल्यम पार्सन्स, रॉसचा तिसरा अर्ल, याचा जन्म १८०० सालचा. घराणें मूळ इंग्लंडांतलें. १६२० पासून आयर्लंडच्या मध्यभागींची बर्र येथील गढी त्यांच्याकडे होती. डब्लिन व ऑक्सफर्ड येथें शिकून पार्लमेंटचा सभासद झालेल्या अशा गृहस्थानें शिकार करावी, मेजवान्या द्याव्या, ही रीत. याला वेड लागलें दुर्बिणीच्या आरशाचें! असे आरसे त्या काळीं तांबें व कथील यांच्या मिश्रणाचे करीत. हा धातु मोठा ठिसूळ. निवतां निवतां तडकावयाचा. अर्लसाहेबांनीं गढीच्या आवारांतच भट्ट्या घातल्या, दलदलींतून कापून वाळविलेलें पीट जाळलें, आणि गांवचींच माणसें हाताशीं धरून तीं तयार केलीं. सहा फूट व्यासाचा, सुमारें तीन टन वजनाचा पहिला आरसा १८४२ सालीं ओतला. पन्नास फुटांहून लांब अशी ती दुर्बीण १८४५ सालीं उभी राहिली, तेव्हां एक धर्माधिकारी उघडी छत्री डोक्यावर धरून तिच्या नळींतून चालत गेले म्हणतात! त्याच वसंतांत सप्तर्षींतील मरीचीजवळच्या एका तेजोमेघाचा भोंवऱ्यासारखा आकार अर्लनें प्रथम पाहिला. पुढें १९१७ पर्यंत याहून मोठी दुर्बीण जगांत झाली नाहीं.

पण मला अधिक मोलाची वाटली ती त्याची पत्नी. मेरी फील्ड ही यॉर्कशरच्या धनिक घराण्यांतील कन्या १८३६ सालीं या घरांत आली. तिच्या माहेरचें द्रव्य या उद्योगास लागलें हें खरेंच, पण ती नुसती तिजोरीची धनीण नव्हती. लोखंडकामांत तिला गति होती. छायाचित्रणकला नवी असतांना तिनें ती हस्तगत केली आणि १८५९ सालीं आयर्लंडच्या छायाचित्रण संस्थेचें रौप्यपदक मिळविलें. हें सर्व कसल्या संसारांत? अकरा अपत्यें झालीं, त्यांतले चार मुलगे तेवढे वाढून मोठे झाले. दुर्बीण उभी राहिली त्याच वर्षीं बटाट्यावर रोग पडून दुष्काळाला आरंभ झाला; तेव्हां आकाश बाजूला ठेवून पतिपत्नी मदतीच्या कामांत गुंतलीं. जमीनदारांविषयीं आयरिश मनांत असलेलें शल्य मी विसरत नाहीं. पण या जोडप्यानें डोळेझांक केली नाहीं, एवढें म्हटलें पाहिजे.

मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिक्षक ठेवले. त्यांपैकीं एक, रॉबर्ट बॉल, पुढें ज्योतिषी म्हणून नांवारूपास आले. भट्ट्या, कानशी, यंत्रें यांच्यांतच मुलें वाढलीं. १८६७ सालीं अर्ल निवर्तला. दोनच वर्षांनीं, ३१ ऑगस्ट १८६९ रोजीं, घरच्याच वाफेच्या गाडींतून मंडळी फिरावयास निघाली असतां एका वळणावर मेरी वॉर्ड ही अर्लची नात्यांतील बहीण खालीं पडली आणि चाकाखालीं सांपडून तत्काळ गतप्राण झाली. सूक्ष्मदर्शकावर पुस्तकें लिहिणारी विदुषी, वय अवघें बेचाळीस! लहानपणीं तिनें हीच दुर्बीण उभी राहतांना पाहिली होती.

येथें मी पुस्तक मिटलें. हें तर आमचेंच घर. फक्त आमच्याकडे हातावर निभावलें.

पुढचें वाचावयास दोन दिवस लागले. सर्वांत धाकटा चार्ल्स त्या वेळीं पंधरा वर्षांचा होता. त्यानें वाफेची पाठ सोडली नाहीं. आणखी पंधरा वर्षांनीं, १८८४ सालीं, त्यानें वाफेचें टर्बाइन सिद्ध केलें. १८९७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवांत, आरमाराच्या संचलनांत त्याची ‘टर्बिनिया’ नौका युद्धनौकांच्या रांगांमधून अशी सुसाट गेली कीं तिला गांठणें कोणास साधेना. आज आपल्या घरीं दिवा लागतो तोहि बव्हंशीं अशाच टर्बाइनच्या जोरावर.

माझा भाऊ हिशेबनीस म्हणून निवृत्त झाला. उत्तम हिशेबनीस, यांत वाद नाहीं. चुलतबहिणीच्या हातावरचा डाग अजून दिसतो, तेव्हां वडिलांचें भय खोटें होतें असेंहि मी म्हणणार नाहीं. पण कुलूप एका रात्रीचें असावें कीं साठ वर्षांचें, हा प्रश्न मी स्वतःला कधीं विचारलाच नव्हता.

दिवाळींत तो घरीं आला, तेव्हां फराळाच्या ताटाशेजारीं मीं ती किल्ली ठेवली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग आम्ही दोघे म्हातारे गुडघे सांवरीत माडीवर गेलों. कुलूप गंजलें होतें; किल्ली फिरेना.

“दादा, तेल आहे का घरांत?” त्यानें विचारलें.

खोबरेल तेवढें होतें. तेंच आणावयास मी खालीं उतरलों.