चढाची मोजणी

इंग्लंडांत डोंगर आहेत, असें महाराष्ट्रांतल्या माणसास सांगूं गेल्यास तो सौजन्यानें मान हालवील, पण मनांत हंसेल. आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. त्या देशांतील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक. त्याची उंची 3,209 फूट. आमचा सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें 4,300 फूट उंच आहे, आणि कळसूबाईपुढें तर त्या शिखराचें नांवहि काढावयास नको. डोक्यावर दह्याचीं मडकीं घेऊन सिंहगड चढणाऱ्या बाया ज्यानें पाहिल्या आहेत, त्यानें असल्या डोंगरांचा बाऊ कां करावा? परंतु सायकलीवर बसलेल्या माणसाचा उंचीशीं संबंध फार थोडा येतो. डोंगर किती उंच आहे हें त्याचे पाय विचारीत नाहींत. वाट किती उभी आहे, एवढेंच ते विचारतात.

2023 च्या जूनमध्यें आम्हीं तो देश पश्चिमेकडून पूर्वेस सायकलीनें ओलांडला. आयरिश समुद्राच्या कांठीं व्हाइटहेवन हें बंदर आहे. तेथून निघून लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि मग पेनाइनची रांग पार करावयाची व संडरलंड येथें उत्तर समुद्र गांठावयाचा. अंतर सुमारें 140 मैल. सायकलवाटा आंखणाऱ्या सस्ट्रॅन्स नांवाच्या संस्थेनें हा मार्ग 1994 सालीं खुला केला, आणि 'सी टू सी' ह्या नांवानें तो ओळखला जातो. धडधाकट तरुण तो तीन दिवसांत पुरा करतात. आम्हीं सहा घेतले. आम्ही म्हणजे साठी ओलांडलेलें एक जोडपें. पैकीं एकाच्या हृदयाच्या शिरेंत 2021 सालीं स्टेंट बसविण्यांत आला. तो कोणाच्या, हें सांगण्याचें कारण नाहीं. अशी वस्तु घरांत आली म्हणजे ती दोघांच्याहि छातींत बसते.

डॉक्टरांनीं परवानगी दिली, पण नाडी मिनिटास 120 च्या पुढें जाऊं देऊं नये अशी अट घातली. न्यूकासलला राहणाऱ्या आमच्या मुलीनें विजेच्या सायकलींचा आग्रह धरला. "आईबाबा, चढाचें काम मोटरला करूं द्या ना," असें तिचें म्हणणें. विजेच्या सायकलीविषयीं आमच्या मनांत तुच्छता नाहीं. पुढेंमागें ती घ्यावीहि लागेल. पण एकानें घेतली तर दुसरा मागें पडणार, आणि दोघांनीं घेतली तर चढ किती आहे हें यंत्रास कळणार, आम्हांस नाहीं. आणि आम्हांस तर तेंच कळून घ्यावयाचें होतें: आतां आपल्या वांट्याचा चढ किती उरला आहे.

त्यामुळें निघण्यापूर्वींच्या चार-पांच संध्याकाळ नकाशावर बोट फिरविण्यांत गेल्या. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे हें त्या देशाचें एक वैभवच आहे. दर दहा मीटर उंचीस एक तपकिरी रेघ. रेघा विरळ असल्या तर पाय सुखी, दाट असल्या तर दम लागणार. शिवाय उभ्या रस्त्यांवर बाणाच्या टोंकासारखी खूण असते. एक खूण म्हणजे सात फुटांस एक फूट ते पांच फुटांस एक फूट चढ. दोन खुणा म्हणजे त्याहूनहि उभा. आमच्या घाटरस्त्यांवर वाढलेल्या माणसास ही दुसरी खूण प्रथम छापखान्याची चूक वाटते. घाट बांधणारानें गाडीची सोय पाहून वळणांवर वळणें घेतलेलीं असतात. इंग्लंडांतल्या कित्येक डोंगरी वाटा मात्र चाकासाठीं झालेल्याच नाहींत. त्या ओझ्याच्या तट्टांसाठीं आणि मेंढरांसाठीं झाल्या, आणि जनावरास सरळ चढणें परवडतें. आमच्याकडे नाणेघाट आणि बोरघाट ह्यांत जो फरक, तोच हा. पुढें त्या वाटांवर डांबर पडलें; चढ होता तसाच राहिला. हार्डनॉटची खिंड ही असल्या वाटांची महाराणी. उंची अवघी 1,289 फूट, पण कांहीं ठिकाणीं चढ तीन फुटांस एक फूट. तिच्या पश्चिम अंगास रोमन लोकांनीं दुसऱ्या शतकांत बांधलेल्या किल्ल्याच्या भिंती अजून आहेत. ही खिंड आमच्या मार्गावर नव्हती. हौशी लोक तिच्यासाठीं मुद्दाम वांकडी वाट करून जातात. त्यांस आमचा दुरूनच नमस्कार.

हार्टसाइडची गोष्ट निराळी. पेन्रिथच्या पूर्वेस ईडन नदीचें खोरें आहे, आणि त्याच्या पलीकडे पेनाइनची भिंत उभी राहते. मेल्मर्बी गांवापासून माथा सुमारें पांच मैल, आणि माथ्याची उंची 1,904 फूट. म्हणजे हार्डनॉटच्या जवळजवळ दीडपट. पण चढ सरासरी वीस फुटांस एक फूट. ह्याचें कारण असें कीं, पलीकडे ऑल्स्टनच्या आसपास शिशाच्या खाणी होत्या, आणि 1820 नंतरच्या दशकांत तिकडील रस्त्यांची आंखणी जॉन लाउडन मॅकॅडम ह्यानें केली. खडीचे रस्ते ज्याच्या नांवानें जगभर ओळखले गेले तोच हा गृहस्थ. त्यास भरलेल्या गाड्या चढवावयाच्या होत्या. दोनशें वर्षांपूर्वीं त्यानें जो घोड्याच्या छातीचा विचार केला, तो आमच्याहि छातीच्या उपयोगी पडला.

मोटारसायकलींची वर्दळ सुरू होण्यापूर्वीं म्हणून सकाळीं सहालाच निघालों. सर्वांत हलका गिअर घातला कीं पाय भराभर फिरतात आणि वाट मात्र सावकाश सरते. मागच्यानें पुढच्याचा श्वास ऐकत यावयाचें, असा करार होता. मनगटावरचें घड्याळ 112, 115 असे आंकडे दाखवी. 118 झाले कीं उतरावयाचें, गवतावर बसावयाचें, डिंकाच्या लाडवाचा तुकडा तोंडांत टाकावयाचा आणि आंकडा खालीं येईपर्यंत मेंढरांकडे पाहात राहावयाचें. तीं आमच्याकडे पाहात. असे नऊ वेळां थांबलों. पांच मैलांस सवादोन तास लागले. ह्याच उतारावरून ईशान्येचा 'हेल्म' वारा खोऱ्यांत कोसळतो. ब्रिटनमध्यें स्वतःचें नांव मिळालेला हा एकटाच वारा, असें म्हणतात. आमच्या सुदैवानें तो त्या दिवशीं घरीं नव्हता.

माथ्यावर एक प्रसिद्ध चहागृह होतें, तें 2018 च्या मार्चमध्यें आगींत जळालें. आम्हीं थर्मासांतला चहा उघड्यावर बसून घेतला. पश्चिमेस लेक डिस्ट्रिक्टची निळी रांग, वायव्येस सॉल्वेची खाडी, आणि तिच्या पलीकडे स्कॉटलंड. दोन वर्षांत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकमेकांस "सावकाश" म्हणण्याची संवय आम्हांस जडली होती. तेथें बराच वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं.

पुढें मात्र मॅकॅडम भेटेना. नेन्टहेड ओलांडून ब्लॅक हिलवर मार्ग जवळजवळ 2,000 फुटांवर जातो. आणि स्टॅनहोपहून बाहेर पडणारा क्रॉलीसाइडचा चढ नकाशावर आमच्या बोटानें आधींच भिऊन ठेवला होता. तो आम्ही चाललों, सायकली हातांत धरून, विजेच्या खांबागणिक थांबत. चालण्यांत कमीपणा मानण्याची रीत अलीकडची आहे. 1878 सालीं हॅरोगेट येथें सायकलप्रवाशांचा क्लब निघाला तेव्हां गिअर नव्हते, आणि ब्रेक असून नसल्यासारखे. चढ आला कीं चालावयाचें, हें गृहीतच. त्या लोकांस भय होतें तें उताराचें; म्हणून क्लबानें धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर पाट्या लाविल्या, आणि त्या देशांतील रस्त्यांवरच्या पहिल्या सूचनांत ह्या पाट्यांची गणना होते. नॉटिंगहॅमला तीन वेगांचें चाक निघालें तें 1902 सालीं. चढावर न उतरण्याची ऐट त्यानंतरची.

आम्ही अर्ध्यावर असतांना चार तरुण सायकलस्वार धापा टाकीत वर आले. त्यांतला एक आमच्याजवळ थांबला आणि सायकलींत कांहीं बिघाड झाला आहे काय, म्हणून त्यानें विचारलें. "बिघाड नाहीं, आम्ही चालतों आहोंत," असें म्हणतांच बिचारा ओशाळला. पण त्या उभ्या चढावर एकदां थांबलेल्यास पुन्हां सायकलीवर बसणें सोपें नसतें. दोनदां प्रयत्न करून पाहिला, आणि मग तोहि आमच्याबरोबर पायीं चालूं लागला. माथ्यापर्यंत त्यानें भारतांतल्या घाटांविषयीं बरेंच विचारून घेतलें.

तेथून पुढें 1834 सालच्या रेल्वेची जुनी वाट लागते. रूळ गेले, वाट सायकलींस राहिली, आणि ती कॉन्सेटच्या बाजूनें समुद्राकडे उतरत जाते. कॉन्सेटचा पोलादाचा कारखाना 1980 सालीं बंद झाला. त्याच्या जागीं आज गवत आणि वारा. शेवटचे मैल शहराचे. त्यांविषयीं लिहिण्यासारखें थोडें.

ह्या मार्गाचा एक संकेत आहे: निघतांना मागचें चाक पश्चिम समुद्रांत भिजवावयाचें, आणि पोंचल्यावर पुढचें चाक पूर्व समुद्रांत. रोकरच्या वाळूवर आम्हीं तसें केलें. मुलगी न्यूकासलहून आली होती. सायकलींकडे तिनें पाहिलेंहि नाहीं, पहिला प्रश्न केला, "जास्तींत जास्त किती झाली होती?"

"119," आम्ही दोघेहि एकदम म्हणालों.