माझगावचे चिनी मंदिर

मुंबईला गेलात की राणीची बाग आणि चौपाटी पाहूनच परतता ना? मीही तेच करीत असे. गेल्या खेपेस मात्र भाचा म्हणाला, “मामा, चला, तुम्हाला चीन दाखवतो.”

हार्बर लाइनवरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनपासून हे ठिकाण अगदी जवळ आहे. गोदीतल्या कामासाठी आणि जहाजांवरून आलेल्या चिनी लोकांची इथे एकेकाळी वस्ती होती. आता उरले आहे ते १९१९ साली बांधलेले ‘सी यिप कून’ हे मंदिर. बाहेरून साधे घरच वाटते. वरच्या मजल्यावर गेलात की सगळा लाल-सोनेरी थाट आणि उदबत्त्यांचा घमघमाट. देव कोण, तर क्वान कुंग. हा अठराशे वर्षांपूर्वीचा एक सेनापती, दिल्या शब्दाला जागणारा. लाल चेहरा, लांब दाढी. मी सोनगीरचा, पितळ दिसले की टिचकी मारून पाहण्याची खोड जात नाही. इथे मात्र हात आवरला!

कधीकाळी मुंबईत चिनी दंतवैद्य होते, चांभार होते, केशकर्तनालये होती. मग १९६२ चे युद्ध आले. आमच्या आजीने तेव्हा संरक्षण निधीला गळ्यातली पुतळी दिली होती, आणि चिनी म्हणजे शत्रू, एवढेच आम्ही घरात ऐकत मोठे झालो. दुसरी बाजू कुणी सांगितली नाही. देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसह, घरांतून उचलून देवलीच्या छावणीत ठेवले. आपल्या वर्ध्याजवळचे देवळी नव्हे, हे राजस्थानातले. कित्येक जण तिथे काही वर्षे राहिले. त्यांतले बरेच इथेच जन्मलेले होते. लढाईशी त्यांचा संबंध काय? सुटून आले तेव्हा अनेकांची घरेदारे गेलेली होती. उभे पीक सोडून तुम्हाला एका रात्रीत निघावे लागले तर कसे वाटेल, ते तुम्हीच ठरवा. पुढे मुंबईतल्याही अनेक कुटुंबांनी देश सोडला.

जी राहिली, ती आपल्या नववर्षाला इथे जमतात. त्यांचे नववर्षही आपल्या पाडव्यासारखे चंद्रावर चालते. साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हातरी येते. त्या सुमारास रब्बीच्या कामातून सवड मिळाली तर जरूर जा. रस्त्यात कुणालाही ‘चिनी मंदिर’ म्हणून विचारा. चपला खाली काढा, आणि वर गेल्यावर फोटो घेण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.