मीटरचं घड्याळ आणि वजाबाकी

१ जुलै २०२५ पासून आपल्या राज्यात टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली.

वर्ध्याचा उन्हाळा, शाळेला सुट्टी. आमच्याकडे दिवसभर कूलर, पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन. तरी बिलात दिवसाचे युनिट कमी, रात्रीचे जास्त!

मीटरच्या पडद्यावर युनिटसोबत वेळही येते. दुपारी १ वाजता तिथे रात्रीचा १ होता. एकूण युनिट बरोबर, पण आपला दिवस तो रात्रीच्या खात्यात टाकत होता.

तोंडी तक्रारीवर "बघतो न मॅडम" एवढंच मिळालं. मग मुलीने आठवडाभर रोज सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ चं रीडिंग वहीत लिहिलं. वजाबाकी केली : दिवसाला ६ युनिट वापरले, मीटरने दिवसाचे धरले २. रोज ४ युनिटची सवलत बुडाली, म्हणजे ३० दिवसांचे ९६ रुपये. वहीची झेरॉक्स आणि पडद्याचा फोटो अर्जाला जोडला, पोच घेतली. मीटर बदलून मिळाला.

चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. उदाहरण पुस्तकात शोधू नका, घरच्या भिंतीवरच आहे. फक्त मीटरला हात लावू द्यायचा नाही, लांबूनच वाचायचं.