फूल न उघडता सांगितलेली कुळं

झाडाचं कूळ चुकलं म्हणून कुणाचं काही अडत नाही, असं मी नोकरीच्या सुरुवातीला मानत होते. आधी साताऱ्यात आणि मग सांगलीत मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन कासला, महाबळेश्वरला, सागरेश्वरला, दंडोबाच्या डोंगरावर फिरले. या काळात मी जी कुळं चुकीची सांगितली, त्यातली काही मुलांच्या वह्यांत गेली, काही पाट्यांवर रंगली आणि कूळ बरोबर असूनही झालेल्या एका चुकीचं तर चक्क कुंपण उभं राहिलं. झाडं ओळखायला निघालेली बहुतेक माणसं याच वाटांनी चुकतात, म्हणून त्या इथे मांडते आहे.

पहिली चूक साताऱ्यातली. या गावाचं गुलमोहरावर प्रेम आहे. 1999 पासून दर 1 मे रोजी इथे गुलमोहर दिन साजरा होतो. मूळचं मादागास्करचं हे झाड इथल्या लोकांनी आपलंसं केलं आहे. एका आवारातल्या झाडांना पाट्या लावायचं काम माझ्याकडे आलं. तिथे गुलमोहर होता, पिवळ्या फुलांचा सोनमोहर होता आणि जांभळ्या फुलांचा नीलमोहरही होता. तिघांची पानं बारीक पिसांसारखी, तिघांच्या नावात मोहर. मी तिन्ही पाट्यांवर शेंगांचं कूळ, म्हणजे फॅबेसी लिहून मोकळी झाले.

गुलमोहर आणि सोनमोहर त्या कुळातले आहेतच. नीलमोहर मात्र नाही. त्याची पानं फांदीवर समोरासमोर येतात, गुलमोहराची एकाआड एक. गुलमोहराच्या पाच पाकळ्या सुट्या, पुंकेसर दहा. नीलमोहराचं फूल म्हणजे एकसंध नळी, आत परागकण देणारे पुंकेसर चार. सगळ्यात ठळक खूण तर झाडाखालीच पडलेली होती. नीलमोहराला लांब शेंग धरत नाही, चपटं गोल लाकडी फळ धरतं आणि ते दुभंगलं की पातळ पंखांच्या बिया बाहेर पडतात. ती फळं मी पायाने बाजूला सारून पाट्या ठोकल्या होत्या.

नीलमोहराचं कूळ बिग्नोनिएसी. आपल्या रानातले मेढशिंगी, टेटू आणि वारस हे वृक्ष त्यातलेच. रस्त्याकडेचं बुचाचं झाड त्यातलं, बंगल्यांच्या फाटकाशी लावतात तो पिवळा टिकोमा त्यातला आणि जानेवारीत भिंतीच्या भिंती केशरी करणारी संक्रांतवेलही त्यातलीच. वृक्ष, झुडूप आणि वेल एकाच कुळात सुखाने नांदतात. झाडाची उंची नि ठेवण पाहून कूळ ठरवायचं नाही, हे मला इथे कळायला हवं होतं. कळलं नाही, म्हणून दुसरी चूक झाली.

ती सांगलीत. प्रात्यक्षिकाला जाईची फुलं हवी होती, बाजारात मिळाली नाहीत. दारावरच्या मधुमालतीचे घोस काढून नेले. वेल तीच, संध्याकाळचा सुवास तोच, लांब नळी आणि टोकाला पाच पाकळ्या. माझ्या हिशेबी कूळही जाईचंच, ओलिएसी. मुलांनी ब्लेडने नळी उभी चिरली. जाईच्या नळीत दोन पुंकेसर असतात. इथे पाच-पाचच्या दोन ओळींत दहा निघाले. जाईचं अंडाशय नळीच्या आत, तळाशी मोकळं बसलेलं असतं. इथे नळीच्या तळाशी ते नव्हतं. अंडाशय होतं नळीच्याही खाली, देठाशी एकजीव झालेलं. आणि जिला मी पाकळ्यांची नळी समजत होते, ती निदलांची होती. पाकळ्या तिच्या काठावर सुट्या होत्या.

एका मुलाने दहा पुंकेसर मोजून दाखवले. तेव्हा मी म्हणाले, "निसर्गात अपवाद असतात, लिहून ठेवा." सगळ्या चुकांमध्ये हे वाक्य मला जास्त लागतं. कूळ चुकणं हे अज्ञान होतं. समोर दिसणाऱ्या गोष्टीला अपवाद म्हणून गप्प बसवणं हा अप्रामाणिकपणा होता. घरी येऊन थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची उघडली. मधुमालती कॉम्ब्रेटेसी कुळात होती, ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्यासोबत. पुढच्या तुकडीला बरोबर शिकवलं, पण आधीच्या तुकडीसमोर जाऊन चूक कबूल केली नाही. ती मुलं शिकून निघून गेली.

पुढे सागरेश्वरला गेलो तेव्हा हे कूळ नीट दाखवता आलं. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं, 1985 साली जाहीर झालेलं. उजाड डोंगरांवर माणसांनी झाडं वाढवून ते उभं केलं आणि त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे अपार कष्ट आहेत. तिथे धावडा आहे. त्याची फुलं इतकी बारीक की भिंगाशिवाय काही कळत नाही. पण अंडाशय पाकळ्यांच्या जागेखालीच असतं आणि पुंकेसर दहाच. दारावरची शोभेची वेल आणि डोंगरावरचा चिवट धावडा एका कुळातले कसे, हे मुलांनी स्वतः मोजून ठरवलं. मी आधी काहीही सांगितलं नव्हतं.

तिसरी चूक थोडक्यात सांगते, पण ती एका मुलीला भोवली. तिने उत्तरपत्रिकेत सागवान तुळशीच्या कुळात, लॅमिएसीत घातला. मी फुली मारली. माझं शिक्षण बेंथॅम आणि हूकर यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या वर्गीकरणावर झालेलं. त्यात साग, निर्गुडी, भारंगी, शिवण हे सगळे घाणेरीसोबत व्हर्बिनेसीत होते. पुढे डीएनएचा अभ्यास आला, 1998 पासून एपीजी नावाची नवी मांडणी रूढ झाली आणि 2016 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली. आता साग आणि निर्गुडी तुळशीकडे गेले, घाणेरी जुन्या जागीच राहिली. सावर, धामण आणि मुरुडशेंग जास्वंदीच्या कुळात आले. ती मुलगी नवं पुस्तक वाचून आली होती, मी वाचलं नव्हतं. सागाच्या कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तर तुळशीसारख्याच चार कडा लागतात; तेवढं केलं असतं तरी फुली मारताना हात थांबला असता. नंतर मी तिची माफी मागितली, पण गेलेले गुण परत देता आले नाहीत.

चौथी चूक मात्र जिवाशी गाठ घालणारी होती. आटपाडीकडच्या एका शाळेने कुंपणासाठी झुडपं सुचवायला सांगितलं. पाणी कमी लागावं, फुलं यावीत आणि शेळ्या-मेंढ्यांनी खाऊ नये. मी कण्हेर आणि बिट्टी सुचवली. दोन्हींचं कूळ मला पाठ होतं: अपोसायनेसी, चीक पांढरा, कळीत पाकळ्या पिळलेल्या. रोपं लागली. तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, शेरडं ज्याला तोंड लावत न्हाईत, ते पोरांच्या हाताशी कशापायी लावताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कण्हेर आणि बिट्टी दोन्हींत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि बिट्टीच्या बिया तर फारच घातक. शिवाय बिट्टीची कठीण बाठी पोरं खेळायला घेतात, हे मला माझ्या लहानपणापासून ठाऊक होतं. या वेळी कूळ बरोबर होतं, पण ते मी परीक्षेतल्या लक्षणांपुरतं शिकले होते. चीक आहे एवढं पाठ. त्या चिकात काय आहे हा प्रश्न कधी पडलाच नाही. याच कुळातलं करवंद आपण आवडीने खातो, म्हणून सगळं कूळ विषारी म्हणता येत नाही. पण पांढरा चीक दिसला की आधी चौकशी करावी, एवढा इशारा कूळ देतं. मावशींना कुळाचं नाव माहीत नव्हतं, तरी तो इशारा त्यांनी शेरडांकडून वाचला होता. कुणाला काही होण्याआधीच आम्ही रोपं उपटली आणि तिथे मेंदी आणि अडुळसा लावला.

अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत आणि त्याचं कूळ करवीचं, अकँथेसी. कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून टोपली करवी फुलण्याच्या वर्षी तिथे मोठी गर्दी होते. ती सात वर्षांनी फुलते. मधल्या वर्षांत पालथ्या टोपलीच्या आकाराच्या त्या झुडपांवरून मीही मुलांना न थांबता पुढे नेत असे. फूल नाही म्हणजे शिकवायला काही नाही, अशी माझी समजूत. आता तिथे बसून आम्ही समोरासमोरची पानं पाहतो, फुगलेली पेरं चाचपतो. वाळलेलं बोंड सापडलं तर बी ज्यावर टेकलेली असते ते इवलं आकडं भिंगाखाली दिसतं. तेच आकडं अडुळशाच्या फळात आहे आणि अंगणातल्या कोरांटीच्याही.

माझ्या वर्गात आता कुळाचा रकाना वहीच्या शेवटी असतो. त्याआधी पानांची मांडणी, चीक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती, अंडाशय वर की खाली आणि फळ कसं, हे स्वतः पाहून लिहायचं. न जुळणारी गोष्ट खोडायची नाही, तिच्याखाली रेघ ओढायची. कूळ सापडलं नाही तर रकाना मोकळा ठेवायचा आणि त्याचे गुण कापले जात नाहीत. साताऱ्याच्या त्या आवारातल्या नीलमोहराची पाटीही मी आधी उतरवून घेतली आणि मगच नवी करायला दिली. मोकळ्या जागेपाशी कुणीतरी थांबून विचारतं, खाली वाकून फळ उचलतं. चुकीची पाटी त्याला ते करूच देत नाही.