पडद्यावरचा पसारा

दिवाळी जवळ आली कीं माळ्यावरील अडगळ खालीं काढून तिचा निकाल लावणाऱ्या गृहिणींविषयीं आम्हांस नेहमींच आदर वाटत आला आहे. गेल्या वर्षीं तोच उत्साह आमच्याहि अंगीं संचरला. मात्र घरांतील माळा सोडून तो कचेरींतील संगणकाच्या पडद्याकडे वळला!

आमच्या कचेरींतील सारें बोलणेंचालणें हल्लीं स्लॅकवर होतें. या साधनाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. टायनी स्पेक नांवाच्या कंपनीनें ‘ग्लिच’ हा खेळ रचला. तो २०१२ सालीं बंद पडला. परंतु खेळ रचतांना एकमेकांशीं बोलण्यासाठीं त्या मंडळींनीं जी सोय करून घेतली होती, तिच्यांतूनच स्लॅक निर्माण झालें आणि २०१४ सालीं तें सर्वांस खुलें झालें. डाव मोडला, पण डावांतली बोलाचाली तेवढी उरली!

या साधनांत एकेका विषयाचें एकेक चॅनेल असतें. चॅनेल म्हणजे निराळी चावडीच म्हणाना. आमच्या कचेरीनें या चावड्या इतक्या उदार हातानें बसविल्या कीं, त्यांची यादी संपतां संपेना. नवा मजकूर आला कीं चावडीचें नांव ठळक होई. सकाळीं पाहावें तों सारींच नांवें ठळक! कोणी एखाद्या लेखाचा पत्ता पाठवावा, तर त्याखालीं भलें मोठें चित्र उघडे. कोणी ‘ठीक आहे’ म्हणावें, तर त्या दोन शब्दांखालीं अंगठे, फुलें आणि टाळ्या यांची आरास! शिवाय नाचणारीं मांजरें होतींच. यांत साधनाचा दोष मुळींच नव्हता. माळ्यावर सांचणारी अडगळ कांहीं सुतार टाकीत नाहीं.

अखेर शेजारच्या मेजावरील एका मुलीस आमची कींव आली. “काका, हें सगळें बंद करतां येतें,” असें म्हणून अर्ध्या तासांत तिनें आमचा माळा लख्ख केला. हलणारीं चित्रें थिजलीं. तिरकी रेघ देऊन इंग्रजींत ‘कोलॅप्स’ हा शब्द लिहिला कीं त्या चॅनेलांतील चित्रें मिटतात, ही युक्ति तिनें शिकविली. ‘अमुक लिहीत आहेत’ ही सूचना गेली. यादींत केवळ न वाचलेलीं चॅनेलें दिसूं लागलीं. मग आम्हांसच चेव आला. मांडणी ‘कॉम्पॅक्ट’ केली. त्यासरशीं प्रत्येकाच्या नांवाशेजारचा चेहरा नाहींसा झाला आणि ओळी जुन्या मोडी दप्तराप्रमाणें एकमेकींस बिलगल्या. राहतां राहिलें ‘मंडळी’ नांवाचें चॅनेल. तेथें वाढदिवस, सहली, हरवलेले डबे असल्याच गोष्टी चालत. तें आम्हीं ‘म्यूट’ करून टाकलें.

पुढील पंधरा दिवस आमचा पडदा तपोवनासारखा शांत होता. कामें वेळेवर झालीं. आम्ही भेटेल त्यास या स्वच्छतेचा उपदेश करूं लागलों.

अशांत नाशिकच्या शाखेंतील हिशेबनिसांकडून कांहीं बिलें यावयाचीं राहिलीं. हे गृहस्थ वेळेचे मोठे पक्के. आम्हीं थट्टेनें लिहिलें, “यंदा सुटी बरीच लांबलेली दिसते!” थोड्या वेळानें उत्तर आलें: “साहेब, आई गेली. ‘मंडळी’वर लिहिलें होतें. बिलें आज पाठवितों.”

आम्हीं तें चॅनेल उघडलें. बारा दिवसांपूर्वींचा दोन ओळींचा मजकूर होता. खालीं सर्वांनीं सांत्वनाचे शब्द लिहिले होते, शिपायापासून साहेबापर्यंत. आमचें नांव तेवढें नव्हतें. म्यूट केलेल्या चॅनेलाचें नांव ठळक होत नाहीं. कोणी आपला उल्लेख केला, तरच तेथें खूण उमटते. पण दुःखांत बुडालेला मनुष्य आमचें नांव घालून लिहावयास थोडाच बसणार? आम्हीं लगोलग त्यांस फोन केला. ते रागावले नाहींत; आम्हांस तेंच अधिक लागलें.

त्या दिवशीं आम्हांस उमगलें कीं, आम्हीं दोन निरनिराळ्या वस्तू एकाच टोपलींत टाकल्या होत्या. नाचणारें मांजर ही अडगळ खरी. तिनें डोळे शिणतात, आणि ती दृष्टीआड केल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु माणसांचें अघळपघळ बोलणें अडगळीसारखें दिसलें, तरी त्याच्याच तळाशीं कोणाचें तरी सुखदुःख पडलेलें असतें. माळा झाडणारी गृहिणी प्रत्येक बोचकें सोडून पाहते, मगच टाकते. आम्हीं न सोडतांच टाकलें.

आतां मांजरें थिजलेलींच आहेत, चित्रें मिटलेलींच आहेत. चेहरे मात्र आम्हीं परत आणले. ‘मंडळी’ यादीच्या अगदीं तळाशीं ठेवलें आहे. तें दिवसभर हांक मारीत नाहीं, पण सायंकाळीं कचेरी सोडण्यापूर्वीं आम्ही तेथें एक फेरी घालतों. काल तेथें कोणी नात झाल्याची बर्फी खिडकीजवळच्या मेजावर ठेवल्याची वार्ता होती. आम्ही वेळेवर पोंचलों.