स्टिकरवरचा आकडा

भाव चुकला की दुकानदाराला ते दोन प्रकारे कळतं. माल हलत नाही, किंवा नको इतक्या लवकर हलतो. लीड्समधल्या आमच्या रेकॉर्डच्या दुकानात मी दोन्ही करून दाखवलं आहे, आणि तेही बहुतेक वेळा लिमिटेड एडिशनच्या बाबतीत. दुकान माझं आणि यॉर्कशरच्याच एका भागीदाराचं. कुठल्या प्रेसिंगचा आवाज बरा, कुठल्या बँडने ड्रमर कधी बदलला, हे सगळं त्याच्या डोक्यात. मी पुण्याची बीकॉम, त्यामुळे बीजकं, व्हॅट आणि किमतीची लेबलं माझ्याकडे. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात वाटेकरी कुणी नाही.

लिमिटेड एडिशन हा प्रकार आधी थोडा सांगायला हवा. नवा अल्बम निघतो तेव्हा त्याची साधी काळी एलपी सगळीकडे मिळते. त्याच अल्बमची एखादी रंगीत आवृत्ती फक्त आमच्यासारख्या स्वतंत्र दुकानांसाठी काढतात. तिला धंद्यात ‘इंडी एक्स्क्लुझिव्ह’ म्हणतात. साचा तोच, गाणी तीच, फक्त प्रेसमध्ये जाणारे पीव्हीसीचे दाणे रंगीत. कव्हरवर गोल सोनेरी स्टिकर: फक्त 500 प्रती.

हा आकडा मी सुरुवातीला देववाणी समजत असे. पाचशेच आहेत, म्हणजे मागणी असणारच, म्हणजे वर दहा पौंड लावायला हरकत नाही. हिशेबही मोहात पाडणारा होता. एका एलपीचा घाऊक भाव समजा 20 पौंड, व्हॅट वेगळा. ती आम्ही 32 ला विकली तर त्यातले 5.33 सरकारचे. उरले 26.67, त्यातून 20 वजा केले की हाती 6.67. हीच एलपी 42 ला गेली तर व्हॅट 7, आणि हाती 15. किमतीत दहा पौंडांची वाढ आणि नफा दुपटीहून जास्त! बीकॉमच्या कुठल्याही विद्यार्थिनीला हे गणित आवडेल.

गणितात नव्हतं ते असं. त्याच अल्बमची हिरवी आवृत्ती एका मोठ्या साखळी दुकानात होती, संगमरवरी नक्षीची बँडच्या स्वतःच्या साइटवर, आणि चित्र छापलेली पिक्चर डिस्क आणखी कुठे. प्रत्येकीवर ‘मर्यादित’ असं लिहिलेलं. अशा चार-पाच मर्यादित आवृत्त्यांची बेरीज केली तर ती बऱ्यापैकी अमर्यादित होते. आमची नारिंगी आवृत्ती काचेत उन्हात बसून राहिली. काही महिन्यांनी लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, साधी काळी पुन्हा छापली, तीही स्वस्तात. तोवर आमच्या कव्हरची एक कड रंग उडून फिकट पडली होती.

पडून राहिलेली प्रत काय करते, हे मला तेव्हा उमगलं. नफा 6.67 असताना एक प्रत न विकली गेली तर तीन प्रतींची कमाई बुडते. दहा मागवल्या आणि दोन उरल्या तर शेवटी तेरा पौंड सुटतात. तीन उरल्या तर तेरा पौंड खिशातून जातात. भाडं, वीज आणि कार्डाच्या मशीनचे पैसे अजून यात धरलेलेच नाहीत.

यानंतर मी स्टिकरवर विश्वास ठेवणं सोडलं आणि इंटरनेटवर ठेवायला लागले. डिस्कॉग्ज नावाची साइट आहे. 2000 साली सुरू झालेली, जगातल्या रेकॉर्डची सगळ्यात मोठी नोंदवही आणि बाजार एकाच ठिकाणी. आमच्या हातातली प्रत तिथे कितीला आहे हे कुणीही फोनवर बघू शकतं. मीही बघायचे. कुणी 80 पौंडांना लावली असेल, तर आपण 65 ला देतो म्हणजे उपकारच करतो, असा माझा हिशेब.

पण 80 पौंड ही त्या माणसाची इच्छा होती. त्याची प्रत अजून विकली गेली नव्हती, म्हणून तर ती यादीत दिसत होती. खरंच कितीला गेल्या हे त्याच पानावर खाली असतं: सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि मधला भाव. त्या आकड्यांकडे मी बघतच नव्हते. शिवाय पहिल्या आठवड्यातले भाव हे हापूसच्या पहिल्या पेटीचे भाव असतात. वर्तमानपत्रात फोटो छापून येण्यापुरते ठीक, पण त्यावरून मे महिन्याचा बाजार ठरवत नाहीत. महिन्याभरात हौशी लोकांचं घेऊन झालं की तीच एलपी मूळ किमतीच्या आसपास येते. मी मात्र 65 चं लेबल लावून मोकळी झाले होते.

लेबलांचंही एक प्रकरण आहेच. काही एलपी पातळ प्लॅस्टिकमध्ये बंद येत नाहीत, नुसतं कागदी कव्हर असतं. मी किमतीची चिकट लेबलं थेट त्या कव्हरवर लावत असे. एका गिऱ्हाइकाने पैसे द्यायच्या आधी लेबल सोलून बघितलं, तर खालची छपाई त्याबरोबर निघून आली. त्याने ती तशीच काउंटरवर ठेवली. संग्राहकाला कव्हर आणि रेकॉर्ड या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि दोन्हींचा दर्जा वेगवेगळा ठरतो. आता लेबल बाहेरच्या प्लॅस्टिकवर लावते. याहून वाईट म्हणजे, येताना कोपरा चेपलेली एक प्रत मी लेबल नेमकं त्या कोपऱ्यावर लावून पूर्ण किमतीला विकली. त्याला अजाणतेपण म्हणायची सोय नाही.

वर लावून हात पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. गावातल्याच एका छोट्या बँडने स्वतःच्या पैशांनी 300 प्रती छापून घेतल्या होत्या. आपलीच पोरं, म्हणून मी नफा जवळजवळ सोडून 18 पौंड लावले. मनात फार उदार वाटत होतं. सकाळी एक गृहस्थ आले आणि सहा घेऊन गेले. एकाला किती द्यायच्या याचा मी विचारच केला नव्हता. संध्याकाळी त्यातल्या पाच प्रती 45 पौंडांना ऑनलाइन. अशा लोकांना इथे फ्लिपर म्हणतात. बँडमधली मुलगी दोन दिवसांनी आली, मैत्रिणीसाठी एक हवी म्हणून. द्यायला नव्हती. मी सोडलेला नफा बँडला मिळाला नाही आणि त्यांच्या श्रोत्यांनाही नाही. तो त्या गृहस्थांना मिळाला.

सगळ्यात लाजिरवाणी चूक रेकॉर्ड स्टोअर डेची. स्वतंत्र दुकानं टिकावीत म्हणून अमेरिकेतल्या दुकानदारांनी 2007 मध्ये ही कल्पना काढली. पहिला दिवस 19 एप्रिल 2008 ला झाला, आणि आता दर एप्रिलमधल्या एका शनिवारी इंग्लंडमध्येही पहाटेपासून रांगा लागतात. त्या दिवसासाठी खास आवृत्त्या निघतात. आम्ही दहा मागवतो, दोन येतात, कधी एकही येत नाही, आणि न विकलेला माल कुणी परत घेत नाही. भाग घेणाऱ्या दुकानांनी काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. कुणासाठी राखून ठेवायचं नाही, जो रांगेत पुढे त्याला आधी, लोकांना लुबाडायचं नाही, आणि माल दडवून नंतर ऑनलाइन विकायचा नाही.

एका वर्षी मी दोन प्रती दडवल्या. परत न जाणाऱ्या मालात अडकलेले पैसे कुठून तरी काढायला हवेत, असं मी स्वतःला समजावलं. रांगेतल्या एका निवृत्त पोस्टमनने नेमकी तीच मागितली. संपली, असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. पुढच्या आठवड्यात आमच्या ऑनलाइन पानावर ती दुप्पट किमतीला होती. तो दुकानात आला, फोन पुढे केला आणि शांतपणे विचारलं, “ही कधी आली?” चिडला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटले आणि मूळ किमतीला देऊ केली. त्याने ती घेतली नाही. भागीदाराला हे माझ्याकडून नाही, त्याच्याकडून कळलं. त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग 2020 आलं. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्सच्या कारखान्याला आग लागली. रेकॉर्डचा पहिला साचा ज्या लॅकरच्या तबकडीवर कोरतात, त्या तबकड्या करणारे जगात मोठे कारखाने दोनच होते. त्यातला एक गेला, दुसरा जपानमध्ये. पाठोपाठ कोविड. त्या वर्षीचा रेकॉर्ड स्टोअर डे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा तीन दिवसांत वाटला गेला. पुढे छापखान्यांतल्या रांगा लांबल्या आणि घाऊक भाव चढले. म्हणजे खरी टंचाई बघायला मिळाली, आणि तिचा स्टिकरशी काही संबंध नव्हता. साध्या काळ्या एलपीच मिळत नव्हत्या.

त्याच सुमारास ब्रॅडफर्डचे एक मराठी डॉक्टर काका खोकं घेऊन आले. आयुष्यभर इथे नोकरी केलेली, आता लहान घरात जायचं होतं. आत एचएमव्हीच्या एलपी. नाट्यगीतं, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व आणि थोडे हिंदी सिनेमे. “तूच ठरव गं, मला त्यातलं काही कळत नाही,” असं म्हणून ते खुर्चीवर बसले. त्या कव्हरांचा वास घेतल्यावर मलाही काही कळेनासं झालं. मी भरमसाट पैसे दिले, मग ते वसूल व्हावेत म्हणून तशाच किमती लावल्या. लीड्समध्ये त्यांना कोण घेणार? आणि काकांनी त्या रोज लावलेल्या, झिजलेल्या सुईने. शेवटी भागीदार म्हणाला, “तुला हव्या असतील तर तू घे, दुकानाच्या पैशांनी नको.” मी घेतल्या. त्याच खोक्यातली ‘शालीमार’ मी न बघता दोन पौंडांच्या पेटीत टाकली होती. 1978 चा सिनेमा, राहुल देव बर्मन यांचं संगीत. एका डीजेने ती तासाभरात उचलली, आणि बाहेर पडताना त्याला हसू आवरत नव्हतं.

एकाच खोक्याने मला दोन्हीकडून फसवल्यावर मी जरा वाचायला लागले. मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने ती एलपी काढली आणि ती फारशी कुणी घेतली नाही. त्यांच्या यंत्रांतलंच रोलंडचं एक यंत्र वापरून शिकागोच्या लोकांनी अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत घडवलं ते त्यानंतर काही वर्षांनी. 2010 मध्ये एका डच लेबलने ही एलपी पुन्हा काढली तेव्हा मूळ प्रतींसाठी लोक वेडे झाले होते. त्या एलपीवर कुठलं स्टिकर नव्हतं. ती कमी उरली, कारण कुणाला नको होती, आणि महाग झाली, कारण पुढे हवी झाली. कमी छापणं लेबलच्या हातात असतं. दुर्मिळ होणं कुणाच्याच हातात नसतं, आणि दुकानदाराच्या तर नाहीच.

माझ्या चुका एकाच ठिकाणच्या होत्या, हे यातून हळूहळू लक्षात आलं. माल थोडा आणि घेणारे जास्त असले की दोन प्रश्न उभे राहतात. प्रत कितीला द्यायची, आणि कुणाला द्यायची. मी दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून काढू बघत होते. कधी किंमत चढवून गर्दी कमी केली, कधी किंमत उतरवून भलं करायला गेले, आणि दोन्ही वेळा प्रत भलत्याच हातात पडली. आता नव्या मालाची किंमत बीजकावरून ठरते. पाचशेतली असो की पन्नास हजारांतली, नफ्याचं प्रमाण तेच. कुणाला द्यायची हे नियम ठरवतो: माणशी एक, रांगेने, काउंटरखाली काही नाही.

जुन्या मालाचं तसं नाही. तिथे मी स्वतः विकणाऱ्याला बाजारभावाच्या हिशेबाने पैसे देते, व्हॅटही फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर, त्याचा सहावा भाग भरावा लागतो, म्हणून तिथे खरोखर झालेल्या विक्रीचे आकडे बघून भाव लावायला मला संकोच वाटत नाही. डॉक्टरकाकांसारखं कुणी आलं की आधी भागीदाराला हाक मारते.

या पद्धतीत पैसे हातचे जातात हे खरं आहे. 32 ला दिलेली एलपी दाराबाहेर 70 ला जाते तेव्हा भागीदार माझ्याकडे बघतो. फ्लिपरही संपलेले नाहीत, फक्त प्रत्येकाला एकच मिळते. आणि स्टिकरचा मोह पुरता गेलाय असंही नाही. परवाच एका बॉक्स सेटवर क्रमांक छापलेले दिसले आणि चार पुरे असताना मी दहा मागवले. त्यातले तीन अजून शिल्लक आहेत. दहातले तीन म्हणजे किती, हे वर सांगितलंच आहे.