वेढ्यातले शहर आणि पिंजऱ्यातला सैनिक

एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत बोस्नियाची राजधानी सारायेवो बोस्नियन सर्ब फौजांच्या वेढ्यात होती, आणि या काळात डोंगरउतारांवर व उंच इमारतींत दबा धरून बसलेल्या नेमबाजांनी, म्हणजे स्नायपरांनी, पाणी भरायला किंवा सरपण आणायला निघालेली माणसे टिपून मारली. शहराला वेढा घालणे युद्धाच्या कायद्यात आपोआप गुन्हा ठरत नाही. लढाईत भाग न घेणाऱ्या माणसाला, म्हणजेच नागरिकाला, जाणूनबुजून लक्ष्य करणे हा मात्र निर्विवाद गुन्हा आहे, आणि समोरचा माणूस नागरिक आहे की सैनिक अशी शंका असेल तर त्याला नागरिकच मानावे, असे १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने बजावले आहे.

वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनापती स्तानिस्लाव गालिच याच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरोपपत्रातील घटना एकेक करून तपासल्या. गोळी लागली तेव्हा उजेड किती होता, अंतर किती होते, अंगावर कपडे कोणते होते, वय काय होते, जवळपास चकमक चालू होती काय, हे सारे विचारले गेले. ही छाननी वाचताना रूक्ष वाटते खरी, पण मेलेल्या माणसाला इतक्या बारकाईने न्याहाळणे हाच त्याला मिळू शकणारा खरा न्याय होय. गालिचला २००३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली आणि २००६ मध्ये अपिलात ती वाढून जन्मठेप झाली. प्रत्यक्ष चाप ओढणारे हात मात्र त्या निकालपत्रात बहुतेक निनावीच राहिले.

जेथे साधा सैनिक हाती लागला, तेथे ही चिकाटी टिकली नाही. मार्च १९९३ मध्ये, वेढा चालू असतानाच, सारायेवोच्या लष्करी न्यायालयाने बोरिस्लाव हेराक आणि स्रेत्को दाम्यानोविच या दोन सर्ब सैनिकांना नागरिकांच्या हत्यांबद्दल मृत्युदंड सुनावला, आणि त्यात कबुलीजबाबावर मोठी भिस्त होती. मारहाण करून कबुली घेतली, असे दाम्यानोविचचे म्हणणे होते. रोज प्रेते उचलणाऱ्या शहराकडून संयमाची अपेक्षा करणे कठोर आहे, तरीही ती केलीच पाहिजे, कारण घाईने ठरवलेला आरोपी खऱ्या मारेकऱ्याला कायमचा आडोसा देतो. ती शिक्षा अमलात आली नाही, हे सुदैवच. ज्या दोघा भावांच्या खुनाचा ठपका त्या निकालात ठेवला गेला होता, ते दोघेही १९९७ मध्ये सारायेवोच्या परिसरात जिवंत आढळले.